वाचकांचे प्रश्न : दिवाणखान्यातील वाद्ये आणि ती वाजवणाऱ्या स्त्रिया

गेल्या अंकात युरोपातील पट्ट्यांच्या जुन्या वाद्यांविषयी एका प्रश्नाला उत्तर देताना, ‘पियानोपूर्वीची ही वाद्ये मुख्यतः राजदरबारांत आणि चर्चमध्ये वाजत,’ असे एक वाक्य ओघात लिहिले गेले. त्याला हरकत घेणारी आणि त्यावरून पुढचे प्रश्न विचारणारी पत्रे आली. हरकत रास्त आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत ही वाद्ये घराघरांतून वाजत होती आणि तेथे ती वाजवणाऱ्यांत स्त्रियांचा भाग फार मोठा होता. म्हणून या वेळचे सदर सबंध त्याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ‘राणी एलिझाबेथचे व्हर्जिनल’ या नावाचे वाद्य आहे. त्याच्या पट्ट्या पाहून आपल्या पेटीची आठवण होते. हे पियानोचे लहान भावंड म्हणायचे का? आणि त्याच्या नावाचा कुमारिकांशी खरोखर संबंध आहे का? (एक वाचिका, नाशिक)

उत्तर : पेटीशी त्याचे साम्य पट्ट्यांपुरतेच आहे. पेटीत भात्याची हवा पितळी रीडमधून जाते. व्हर्जिनलमध्ये तार छेडली जाते. पट्टीच्या आतल्या टोकावर ‘जॅक’ नावाची एक सडपातळ लाकडी पट्टिका उभी असते, तिच्या वरच्या भागात एक हलती जीभ असते आणि त्या जिभेत पक्ष्याच्या पिसाच्या दांडीचा बारीक तुकडा बसवलेला असतो. बोटाने पट्टी दाबली की जॅक वर उचलला जातो आणि तो तुकडा सतारीच्या नखीसारखा तार छेडून पलीकडे जातो. बोट उचलले की जॅक खाली येतो, जीभ मागे झुकून तारेला पुन्हा न छेडता निसटते आणि जॅकला लावलेले कापड तारेवर टेकून तिचा नाद थांबवते. पट्टी हळू दाबली काय किंवा जोरात दाबली काय, आवाज जवळजवळ तेवढाच निघतो. त्यामुळे वाजवणारीचे सारे कसब स्वर केव्हा छेडायचा आणि केव्हा सोडायचा, यात असते.

हार्पसिकॉर्डचे तत्त्व हेच, पण ते वाद्य मोठे असते आणि त्यात बहुधा तारांचे एकाहून अधिक संच असतात. व्हर्जिनल म्हणजे एका पट्टीला एकच तार, चौकोनी किंवा बहुकोनी खोके आणि टेबलावर ठेवूनही वाजवता येईल एवढाच पसारा. आपण पाहिलेले वाद्य व्हेनिसमध्ये १५९४च्या सुमारास तयार झाले असे मानतात. पियानोत तारेवर हातोडी आदळून लगेच मागे येते. ही युक्ती इटलीतील फ्लॉरेन्स येथे बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने १७००च्या सुमारास साधली आणि त्याने केलेले तीनच पियानो आज शिल्लक आहेत.

या कुटुंबातले सर्वांत घरगुती वाद्य मात्र क्लॅव्हिकॉर्ड. त्यात पट्टीच्या टोकावर पितळेचे एक लहान पाते असते, ते तारेला खालून लागते आणि बोट उचलेपर्यंत तिला टेकूनच राहते. म्हणजे वाजवणारीचे बोट आणि तार यांचा स्पर्श स्वर संपेपर्यंत तुटत नाही. बोटाचा दाब किंचित कमी-जास्त केला की लागलेला स्वर हेलकावे घेतो. जर्मन लोक याला ‘बेबुंग’ म्हणत. आपल्या कानाला त्यात आंदोलनाची पुसटशी चाहूल लागते आणि पट्ट्यांच्या वाद्यात ती लागावी याचे नवल वाटते. आवाज इतका लहान की शेजारच्या खोलीत झोपलेले मूल उठू नये. रात्री सगळी निजानीज झाल्यावर वाजवायला यापेक्षा सोयीचे वाद्य नव्हते.

नावाविषयी एकमत नाही. कोणी ते ‘काठी’ या अर्थाच्या लॅटिन शब्दाकडून आले असे मानतात, तर कोणी ‘कुमारी’ या अर्थाच्या शब्दाकडून. अविवाहित राणी एलिझाबेथवरून ते पडले ही समजूत मात्र चुकीची आहे, कारण तिच्या जन्माआधीपासून हा शब्द वापरात होता. तरीही वाद्य आणि कुमारी यांची सांगड लोकांच्या मनात पक्की बसली होती. पहिला जेम्स राजा याच्या मुलीच्या विवाहाच्या निमित्ताने १६१२-१३च्या सुमारास बर्ड, बुल आणि गिबन्स या तिघा इंग्रज संगीतकारांच्या रचनांचा संग्रह लंडनमध्ये छापला गेला. या वाद्यासाठी इंग्लंडमध्ये छापलेले ते पहिले संगीत. त्याला ‘पार्थेनिया’ हे कुमारीवाचक ग्रीक नाव दिले होते आणि मुखपृष्ठावर व्हर्जिनल वाजवणाऱ्या स्त्रीचे चित्र होते. आतल्या रचना तिन्ही पुरुषांच्या होत्या. या विषयात असे चित्र वारंवार भेटते.

प्रश्न : मी तीस वर्षे पेटी शिकवतो. आमच्याकडे एके काळी मुलगी दाखवताना तिला एखादे पद म्हणून दाखवावे लागे आणि लग्नानंतर पेटी माळ्यावर जाई. युरोपातील मुलींचे वादनही त्याच जातीचे असेल, तर त्याकडे संगीत म्हणून गांभीर्याने का पाहावे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपली तुलना निम्मी बरोबर आहे. इंग्लंडमध्ये आणि जर्मन भाषक प्रदेशांत सुखवस्तू घरातील मुलीच्या अंगी जे गुण असावेत असे मानले जाई, त्यांत चित्रकला, फ्रेंच आणि भरतकाम यांच्या पंगतीत वाद्यवादन बसवलेले होते. वाद्यांतही निवड होती. चेलो दोन पायांत धरावा लागतो, बासरी वाजवताना तोंड वाकडे होते, व्हायोलिन हनुवटीखाली दाबावे लागते; ही वाद्ये स्त्रीला शोभत नाहीत असा समज होता. पट्ट्यांच्या वाद्यापुढे ताठ बसता येते, चेहरा शांत ठेवता येतो आणि हात सुंदर दिसतात. म्हणजे वाद्याची निवड कानापेक्षा डोळ्याने केली होती आणि तो डोळा बाईचा नव्हता.

पण ज्या कारणासाठी शिकवले, तेवढ्यावरच शिकणारी थांबली असे मात्र मानता येत नाही. व्हिएन्नाच्या आउएनब्रुगर बहिणींचे उदाहरण घ्या. त्यांचे वडील लेओपोल्ड हे छातीवर बोटांनी ठोकून आतला विकार ओळखण्याची पद्धत १७६१ साली मांडणारे वैद्य. आजही डॉक्टर आपल्या पाठीवर बोट ठेवून त्यावर दुसऱ्या बोटाने टकटक करतात, त्याचे मूळ त्यांच्या पद्धतीत आहे. (ज्या घरात बाप छातीचा नाद पारखत होता, त्या घरात मुलींचे कान तयार झाले यात आश्चर्य ते काय?) कातारिना आणि मारिआना या त्यांच्या दोन मुली. संगीतकार हायडनने १७८० साली प्रकाशित झालेल्या आपल्या सहा सोनाटा (वाद्यासाठीच्या, बहुधा अनेक भागांच्या रचना) त्यांना अर्पण केल्या आणि आपल्या प्रकाशकाला लिहिले की, या बहिणींची पसंती मला फार मोलाची आहे, कारण त्यांचे वादन आणि संगीताची खरी जाण थोर उस्तादांच्या तोडीची आहे. त्या सहांपैकी सी मायनरमधील सोनाटा कोणी ऐकली असेल, तर ती चार पाहुण्यांना खूश करण्यासाठी लिहिलेली नाही हे सांगावे लागणार नाही. हायडनसारखा जाणकार इतकी अवघड रचना घरात वाजवणाऱ्या मुलींच्या हाती विश्वासाने देतो, तेव्हा ‘घरगुती’ हा शब्द वादनाचे ठिकाण सांगतो, वादनाची पातळी सांगत नाही. मारिआना स्वतः रचनाही करी. ती १७८२ साली वारली आणि तिची एक सोनाटा संगीतकार सालिएरी याने आपल्या शोकगीतासह छापून प्रसिद्ध केली, म्हणून ती आपल्याला ठाऊक आहे.

आपण म्हणता ती माळ्यावर गेलेली पेटी मात्र तेथेही होतीच. मोझार्टची थोरली बहीण मारिया आना, घरातली नानेर्ल, ही लहानपणी भावाबरोबर युरोपभर वाजवत फिरली. १७६९नंतर, म्हणजे अठराव्या वर्षापासून, वडील मुलाला घेऊन इटलीला जाऊ लागले आणि ती घरी राहिली. तिने रचना केल्या होत्या हे भावाच्या पत्रांतून कळते, कारण तो त्यांची स्तुती करतो. त्यातली एकही आज उपलब्ध नाही. संगीतकार फेलिक्स मेंडेल्सोन याची बहीण, बर्लिनची फॅनी, हिला वडिलांनी १८२० साली पत्राने कळवले की, फेलिक्ससाठी संगीत कदाचित पेशा होईल, तुझ्यासाठी ते केवळ भूषण असावे. फॅनी त्या वेळी चौदा वर्षांची होती. पुढे तिने चारशेहून अधिक रचना केल्या, लग्नानंतर हेन्झेल हे आडनाव घेतल्यावरही लाइप्त्सिगरश्ट्रासे ३ या बर्लिनमधील घरी रविवारच्या मैफली चालवल्या, स्वतः वाजवले आणि वाद्यवृंदही बसवला. तिची काही गाणी भावाच्या नावाने छापली गेली. त्याची एक गंमत झाली. १८४२ साली राणी व्हिक्टोरियाने फेलिक्ससमोर त्याच्या संग्रहातले आपले आवडते गाणे म्हणून दाखवले, तेव्हा ते आपल्या बहिणीचे आहे असे त्याला कबूल करावे लागले. स्वतःच्या नावाने पहिले पुस्तक छापायला फॅनीला १८४६ साल उजाडले आणि पुढच्याच मे महिन्यात, रविवारच्या मैफलीच्या तालमीला बसली असताना तिला झटका येऊन ती गेली. तिची ‘ईस्टर सोनाटा’ तर कित्येक वर्षे फेलिक्सची समजली जात होती. हस्तलिखिताची नीट तपासणी होऊन ती फॅनीची ठरली ती आपल्या डोळ्यांदेखत, एकविसाव्या शतकात.

तेव्हा गुरुजी, वाद्य माळ्यावर गेले म्हणून हात कच्चा होता असे ठरत नाही.

प्रश्न : माझी मुलगी पियानोच्या परीक्षेसाठी जी मेजरमधला मिन्युएट बसवते आहे. आपण मागे तो ‘बाखचा मिन्युएट’ म्हटला होता; तिच्या पुस्तकात दुसरेच नाव आहे. बरोबर कोण? (एक पालक, ठाणे)

उत्तर : पुस्तक बरोबर, आम्ही चूक. तो मिन्युएट (एका जुन्या नाचाच्या चालीची रचना) ड्रेस्डेनच्या क्रिस्टिआन पेट्सोल्ड याचा आहे. गोंधळ झाला तो वहीमुळे. योहान सेबास्टिआन बाख याची दुसरी पत्नी आना माग्दालेना ही व्यावसायिक गायिका होती आणि तिच्यासाठी घरात दोन वह्या केल्या होत्या, एक १७२२ची आणि दुसरी १७२५ची. दुसऱ्या वहीत नवऱ्याच्या रचनांबरोबर इतरांच्या आवडत्या चीजाही तिने उतरवून घेतल्या आणि पुष्कळ ठिकाणी रचनाकाराचे नाव लिहिले नाही. आपल्या घरच्या वहीत कोण लिहितो? पुढच्या लोकांनी वही बाखच्या घरातली म्हणून सगळेच बाखच्या खाती मांडले. आपल्या मुलीला हेही सांगावे की, तो मिन्युएट परीक्षेच्या पुस्तकापर्यंत पोहोचला तो एका बाईच्या घरगुती वहीतून.

प्रश्न : ध्वनिमुद्रण नव्हते, या स्त्रिया जाहीर कार्यक्रम करत नव्हत्या, वृत्तपत्रांत त्यांच्यावर कोणी लिहीत नव्हते. मग त्या काय वाजवत हे आपल्याला कळते तरी कसे? (संगीताची एक विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : मुख्यतः वह्यांवरून. छापील संगीत महाग होते, म्हणून मैत्रिणीकडून किंवा नातेवाइकांकडून पुस्तक चार दिवसांसाठी आणायचे आणि हाताने उतरवून परत द्यायचे, अशी रीत होती. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत सुझाने फान सोल्ट या मुलीची १५९९ सालची वही आहे. अँटवर्पहून इंग्लंडला आलेल्या व्यापाऱ्याच्या घरातली ती, नृत्याच्या चाली आणि स्तोत्रे यांनी भरलेली. अशा वह्या कपाटांत राहिल्या, कारण त्यांना कोणी संगीताच्या इतिहासाचे साधन मानलेच नाही. आजीची पाककृतींची वही आणि ही वही यांचे नशीब एकच.

सर्वांत तपशिलाने पाहता येते ते उदाहरण कादंबरीकार जेन ऑस्टेन हिच्या घरचे. तिच्या कुटुंबातील स्वरलेखनाची अठरा पुस्तके टिकली आहेत आणि साउदॅम्प्टन विद्यापीठाने ती सर्वांसाठी डिजिटल स्वरूपात खुली केली आहेत. काही पुस्तके छापील आहेत, काही हाताने उतरवलेली आणि त्यांतली काही खुद्द जेनच्या हातची. तिची भाची कॅरोलाइन हिने पुढे आठवण लिहिली आहे की, आत्याने उतरवलेले संगीत इतके स्वच्छ आणि बिनचूक असे की ते छापल्यासारखे वाचता येई. पाच रेघा आखायच्या, उजव्या आणि डाव्या हाताचे स्वर एकाखाली एक अचूक जुळवायचे, पान कोठे उलटायचे याचा अंदाज आधीच घ्यायचा. हे ज्यांनी कधी स्वरलेखन उतरवले आहे त्यांना ठाऊक असेल की, कान आणि हिशेब दोन्ही शाबूत असल्याशिवाय असे पान साधत नाही.

याच भाचीने आणखी एक गोष्ट सांगितली आहे. चॉटन या गावच्या घरी जेन रोज न्याहारीपूर्वी वाजवायला बसे, कारण त्या वेळी खोली रिकामी असे आणि घरातल्या इतरांना संगीताची फारशी गोडी नसल्यामुळे त्यांना त्रास होऊ नये असे तिला वाटे. चारचौघांसमोर ती वाजवत नसे. नवरा मिळवण्यासाठी वाजवायचे असते तर ही वेळ आणि ही पद्धत तिने निवडली नसती, हे पुण्याच्या गुरुजींनीही मान्य करावे.

वाद्यांच्या किमतीही जेनच्या पत्रांत सापडतात आणि त्या पुष्कळ बोलक्या आहेत. तिच्या वडिलांनी १८०१ साली स्टीव्हन्टन या गावचे घर सोडले तेव्हा सामान विकावे लागले. बहिणीला लिहिलेल्या पत्रात जेन हिशेब देते : तीन गाईंचे साडेएकसष्ट गिनी आले, माझ्या पियानोचे आठ, आणि तेवढेच येतील अशी माझी अटकळ होती. पुढे सात वर्षांनी, १८०८च्या डिसेंबरात, नव्या घरी जायचे ठरते आहे तेव्हा ती उत्साहाने लिहिते की, आपण पियानो घ्यायचाच, तीस गिनीत मिळेल तितका चांगला, आणि भाचरे आली म्हणजे त्यांच्या करमणुकीसाठी मी नाचाच्या चालींचा सराव करीन. ते वाद्य बहुधा ‘स्क्वेअर पियानो’ जातीचे असावे. टेबलासारखे आयताकृती खोके, पाचेक सप्तके, सबंध लाकडी चौकट, लोखंडाचा सांगाडा नाही आणि दोन माणसांना उचलून खोलीच्या दुसऱ्या भिंतीला लावता येईल एवढे वजन. योहानेस झुम्पे याने लंडनमध्ये १७६०च्या दशकात हे वाद्य लोकप्रिय केले आणि पुढे ब्रॉडवुड, क्लेमेंटी अशा कारखान्यांनी ते मध्यमवर्गाच्या घरांत पोहोचवले. मोठ्या ग्रँड पियानोच्या सवयीने ऐकले तर त्याचा आवाज पातळ वाटतो. लहान खोलीत, गाणाऱ्या एका गळ्यामागे तो नेमका बसतो.

प्रश्न : स्त्रिया ही वाद्ये बनवतही होत्या का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : होत्या, बहुतेकींची नावे बापाच्या किंवा नवऱ्याच्या पाटीखाली झाकली गेली. ठळक अपवाद नानेटे श्ट्रायखर हिचा. जर्मनीतील आउग्सबुर्गचे नामांकित कारागीर योहान आंद्रेआस श्टाइन यांची ही मुलगी, जन्म १७६९चा. वडील गेल्यावर तिने १७९४ साली कारखाना व्हिएन्नाला नेला, काही वर्षे भावाबरोबर चालवला आणि १८०२पासून स्वतंत्रपणे. तिच्या पियानोंवर ‘नानेटे श्ट्रायखर, माहेरच्या श्टाइन’ अशी सही असे. माहेरचे नाव ही त्या धंद्यातली पतच होती. बेटहोवनची तिला साठांहून अधिक पत्रे आहेत. त्यांतली पुष्कळशी नोकर, कपडे आणि घरखर्च यांविषयीची असल्यामुळे चरित्रकारांनी तिला बराच काळ ‘बेटहोवनचे घर सांभाळणारी बाई’ एवढ्यातच आटोपले. व्हिएन्नातल्या अग्रगण्य पियानो कारखान्याची मालकीण दुसऱ्याच्या मोलकरणीचा पगार ठरवून देते आहे, हे त्यांना खटकले नसावे.

प्रश्न : ईस्ट इंडिया कंपनीच्या लोकांबरोबर ही वाद्ये हिंदुस्थानात आली असतील. येथे त्यांचे काय झाले? (एक वाचक, पणजी)

उत्तर : आली, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्ता व लखनौ येथे त्यांवर एक वेगळाच प्रयोग झाला, तोही मुख्यतः स्त्रियांच्या दिवाणखान्यांत. मार्गारेट फाउक आणि सोफिया प्लाउडन या कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या घरांतील स्त्रिया हिंदुस्थानी गवयांना व नायकिणींना बोलावून त्यांच्या चीजा ऐकत, स्वरलेखनात उतरवून घेत आणि हार्पसिकॉर्डवर वाजवत. अशा चालींना ‘हिंदुस्तानी एअर’ म्हणत. प्लाउडनबाई १७८७-८८ च्या सुमारास लखनौला होत्या आणि तेथे त्यांनी खानम जान या गायिकेचे गाणे वारंवार ऐकले. त्यांचा संग्रह केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात आहे. एका बाजूला युरोपीय पद्धतीचे स्वरलेखन आणि सोबत सुट्या, सुशोभित कागदांवर फारसी व हिंदुस्तानी शब्द. अशा चालींचा पहिला छापील संग्रह मात्र १७८९ साली कलकत्त्यात विल्यम हॅमिल्टन बर्ड या गृहस्थाच्या नावाने निघाला. त्यात रेख्ता (उर्दू पदे), टप्पे, तराणे हार्पसिकॉर्डसाठी बसवले आहेत आणि प्रस्तावनेत त्याने तक्रार केली आहे की, या चालींना कोणत्याही लयीच्या चौकटीत बसवणे फार कष्टाचे गेले, कारण हिंदुस्थानी संगीतात त्याची मोठीच उणीव आहे. ज्यांच्याकडे सोळा मात्रांचा हिशेब तबलजी झोपेतही चुकत नाही, त्यांच्याविषयीची ही तक्रार वाचून हसू येते. मींड गेली, श्रुती गेल्या, डाव्या हाताला युरोपीय स्वरसंगती आली; टप्प्याचा सांगाडा तेवढा उरला. तरीही एक गोष्ट प्लाउडनबाईंच्या पदरात घालावी लागेल. त्यांनी चालीबरोबर शब्द जपून ठेवले, त्यामुळे आज अभ्यासकांना सूर आणि पद पुन्हा एकत्र आणून पाहता येतात. बर्डच्या छापील पुस्तकावरून ते झाले नसते.

प्रश्न : माझी मुलगी एडिंबराला शिकते. या उन्हाळ्यात तिच्याकडे जाणार आहे. यातले काही प्रत्यक्ष ऐकायला मिळेल का? (एक वाचिका, डोंबिवली)

उत्तर : आपण योग्य गावी चालला आहात. एडिंबरा विद्यापीठाच्या ताब्यातील सेंट सिसिलियाज हॉल ही १७६३ सालची मैफलीची इमारत आहे आणि तेथील संग्रहातल्या काही जुन्या वाद्यांवर आजही कार्यक्रम होतात. दक्षिणेकडे जाणे झाले, तर हॅम्पशायर परगण्यातील चॉटन येथे जेन ऑस्टेनचे घर संग्रहालय म्हणून पाहता येते आणि तेथे क्लेमेंटीचा १८१०च्या सुमाराचा स्क्वेअर पियानो ठेवलेला आहे. कार्यक्रम निवडताना वाद्याचे नाव आधी पाहून घ्यावे. क्लॅव्हिकॉर्ड असेल तर वेळेच्या बऱ्याच आधी जाऊन पहिल्या रांगेत बसावे आणि सोबत खोकल्याची गोळी ठेवावी.